फटींमधली वाळू

संस्थेच्या मागच्या खोलीत 11 व्हीलचेअर एकमेकींना टेकून उभ्या होत्या आणि त्यांतली एकही कुणाला देण्यासारखी नव्हती. एकीच्या पुढच्या चाकाचं रबर निघालेलं, दुसरीचा ब्रेक लागत नव्हता, तिसरीची पाय ठेवायची पट्टी लोंबत होती. प्रत्येकीच्या पाठीला मात्र पत्र्याची छोटी पाटी होती. कुणाच्या आईच्या स्मरणार्थ, कुणाच्या वडिलांच्या, आणि एका पाटीवर नऊ वर्षांच्या मुलाचं नाव. दारात एक गृहस्थ उभे होते. पत्नीच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्या दिवशी तिला घरी सोडणार होते. चालत्या खुर्च्या सगळ्या बाहेर गेलेल्या. मी म्हणाले, "चार दिवसांनी फोन करता का?" त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. त्यांना त्या 11 खुर्च्या दिसत होत्या.

त्या संस्थेचे हिशेब मी सहा वर्षं सांभाळले. काम अगदी साधं होतं. आजारी माणसाला घरी लागणारं साहित्य, म्हणजे वर-खाली होणारा पलंग, वॉकर, हवेची गादी, ऑक्सिजनचं यंत्र, गरजेपुरतं वापरायला द्यायचं आणि काम झालं की परत घ्यायचं. पावतीपुस्तक माझ्याकडे असे. देणगी द्यायला आलेली बहुतेक माणसं एकच वाक्य बोलत: "फूल ना फुलाची पाकळी." पैसे पुढे करताना त्यांचा आवाज थोडा खाली यायचा, जणू काही उसने मागतायत. पावती घडी घालून खिशात ठेवता ठेवता एखादे जण विचारतही: "एवढ्याशानं काही होतं का हो?" मी म्हणत असे, "होतं की, खारीचा वाटा असतो." हे उत्तर मी शेकडो वेळा दिलं असेल. ते सवयीनं तोंडातून येतं हे ज्या दिवशी माझ्या लक्षात आलं, त्या दिवसापासून मला ते टोचू लागलं. विचारणाऱ्यानं खरंच विचारलेलं असतं. त्याला खरं उत्तर मिळायला हवं.

म्हणून आधी जे रुचत नाही ते सांगते. कधी कधी खरोखरच काही होत नाही. अगदी लहान रकमेची देणगी टपालानं यायची, तिची नोंद, पावती, पाकीट, तिकीट आणि वर्षअखेरीच्या तपासणीतला तिचा वाटा असं सगळं धरलं, तर त्या रकमेचा चांगला चौथा हिस्सा तिथेच संपायचा. देणाऱ्यानं मनापासून दिलेलं असायचं. पण मनापासून दिलं म्हणून खर्च टळत नाही. तीच रक्कम तो माणूस दर महिन्याला बँकेतून परस्पर पाठवू लागला, की हा खर्च जवळजवळ नाहीसा व्हायचा. रक्कम तीच, माणूस तोच, पण तिच्या हातून होणारं काम वेगळं. वहीत हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी बराच वेळ त्या पानाकडे पाहत बसले होते.

मग आमच्याकडे 'प्रसिद्धी' आली. एका नामवंत कलाकाराच्या वडिलांना आमचा पलंग दोन महिने वापरायला दिला होता. वडील गेले, आणि काही दिवसांनी एका मुलाखतीत त्यांनी संस्थेचं नाव घेतलं. जेमतेम दोन मिनिटं बोलले असतील, पण गळा भरून आला होता आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं. पुढचे चार दिवस फोन खाली ठेवता येईना. आधीच्या सबंध वर्षात जमले नव्हते तेवढे पैसे त्या आठवड्यात आले. बरोबर 43 नव्या व्हीलचेअर आल्या. ठेवायला जागा नव्हती, शेजारची खोली भाड्यानं घ्यावी लागली. बहुतेक धनादेशांसोबत चिठ्ठी असे: 'फक्त व्हीलचेअर खरेदीसाठी'. आता ज्या कामासाठी दिलं त्याच कामासाठी वापरायचं हा आमचा शब्द होता, आणि तो पाळायलाच हवा. त्यामुळे खात्यात पैसे असताना दुरुस्ती करणाऱ्याचं बिल दोन महिने थकलं. ज्या 11 खुर्च्यांचं मी सुरुवातीला सांगितलं, त्या याच वर्षातल्या. नव्या 43 सुद्धा सगळ्या फिरतीवर होत्या, कारण गरजही तेवढीच वाढली होती, आणि नवी खुर्ची वर्षभरात जुनी होतेच.

सहा महिन्यांनी मी त्या आठवड्यातल्या देणगीदारांची यादी काढली. त्यांतल्या कितींनी पुन्हा दिलं ते पाहिलं. दोन्ही हातांची बोटं पुरली.

एवढं वाचून कुणाला वाटेल की मी त्या कलाकारावर नाराज आहे. मुळीच नाही. त्या दोन मिनिटांनी केलेलं खरं काम माझ्या देणग्यांच्या वहीत नव्हतंच, ते साहित्य बाहेर नेण्याच्या रजिस्टरमध्ये होतं. पलंग असा वापरायला मिळतो हेच ज्यांना माहीत नव्हतं, अशी कितीतरी घरं त्या मुलाखतीनंतर आमच्यापर्यंत पोचली. एक मुलगी म्हणाली, "आम्ही आईला वर्षभर दोघं मिळून उचलत होतो." तिला पैशाची अडचण नव्हती, तिला पत्ता माहीत नव्हता. प्रसिद्ध माणसाचा आवाज जितक्या दूर जातो तितकं आमचं पत्रक दहा वर्षांत गेलं नसतं.

तेव्हापासून मी 'एवढ्याशानं काही होतं का' या प्रश्नाच्या मागे लागले आणि जुन्या गोष्टी वाचू लागले. सगळ्यांत जास्त रेंगाळले ती 1971 सालापाशी.

पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, लाखो माणसं जीव वाचवायला सीमा ओलांडून भारतात येत होती. छावण्या चिखलात उभ्या होत्या आणि त्यांत कॉलरा पसरला होता. जगाच्या तीन टोकांना तीन माणसं हे एकच दृश्य पाहून अस्वस्थ झाली. पहिले पंडित रविशंकर. त्यांचं मूळ बंगालमधलं, मरणारी माणसं त्यांची भाषा बोलणारी. एखादा कार्यक्रम करून 25,000 डॉलर उभे करावेत असा त्यांचा विचार होता. तो त्यांनी आपला मित्र आणि शिष्य, बीटल्स या बँडमधला जॉर्ज हॅरिसन, याच्या कानावर घातला. 1 ऑगस्ट 1971 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एकाच दिवशी दोन कार्यक्रम झाले, मिळून सुमारे 40,000 श्रोते आले आणि तिकिटांचे 2 लाख 43 हजार डॉलर युनिसेफला गेले. एवढ्या मोठ्या कलाकारांनी एका संकटासाठी असं एकत्र येणं तोवर कुणी पाहिलं नव्हतं. पण ध्वनिमुद्रिकेचे आणि चित्रपटाचे लाखो डॉलर मात्र अमेरिकेच्या कर खात्यात वर्षानुवर्षं अडकून पडले, कारण कार्यक्रमाआधी संस्थेशी कागदोपत्री व्यवस्था केलेली नव्हती. घाई होती, माणसं मरत होती, आणि कागद राहून गेला. मी हिशेब पाहणारी बाई आहे. हे वाचताना माझ्या पोटात कालवलं.

दुसरा माणूस ऑक्सफर्डमध्ये शिकवणारा 25 वर्षांचा तत्त्वज्ञ, पीटर सिंगर. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात याच निर्वासितांना समोर ठेवून त्यानं एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं: उथळ तळ्यात एखादं मूल बुडताना दिसलं, तर कपडे चिखलानं भरतील म्हणून आपण काठावर थांबत नाही. मग ते मूल हजारो मैल दूर आहे एवढ्यानं आपली जबाबदारी कमी कशी होते? या प्रश्नानं गेली पन्नास वर्षं कितीतरी लोकांची झोप उडवली आहे. मलाही त्यानं सोडलेलं नाही. फक्त एक गोष्ट मला वहीनं शिकवली. तळ्याकाठी उभ्या असलेल्या माणसाचा हात थेट मुलापर्यंत पोचतो. दूरवरून देणाऱ्याचा हात मधल्या दहा हातांतून जातो, आणि त्या दहांतला प्रत्येक हात जागेवर असावा लागतो.

तिसरे होते डॉ. दिलीप महालनोबिस. ते प्रत्यक्ष तिथे होते, सीमेजवळच्या बनगावच्या इस्पितळात. जमिनीवर ओळीनं पडलेले रुग्ण, उलट्या आणि जुलाबांनी भरलेली फरशी, आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलेलं. तोंडानं द्यायच्या क्षार-साखरेच्या पाण्यानं कॉलराचा रुग्ण वाचतो, हे ढाक्यातल्या आणि कलकत्त्यातल्या संशोधकांनी आधीच्या काही वर्षांत दाखवलं होतं. पण ते देखरेखीखालच्या वॉर्डात. छावणीत, शिकलेल्या परिचारिकेशिवाय, नातेवाइकांच्या हातून ते द्यावं असं कुणी म्हणालं नव्हतं. महालनोबिसांनी ते केलं. मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून पुड्या बांधल्या, पिंपांत पाणी कालवलं आणि आईला, भावाला, नवऱ्याला सांगितलं की कपानं पाजत राहा. 30 टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण त्यांच्या देखरेखीत 4 टक्क्यांच्या खाली आलं.

या तिघांना मी मनात एका ओळीत उभं करते. वाजवणाऱ्यानं जगाला ऐकायला लावलं. 'बांगलादेश' हे नाव एका दिवसात जगभर गेलं असं रविशंकर पुढे सांगत. विचार करणाऱ्यानं ऐकणाऱ्याला विचारलं, की मग तू काय करणार? पण त्या दोघांच्या मागे ती मीठ-सोड्याची पुडी नसती, आणि ती बांधणारे हात नसते, तर डॉलर कितीही आले तरी तिथल्या फरशीवरचं मूल गेलंच असतं. लहान रक्कम मोठी कधी होते याचं उत्तर मला इथे सापडलं. वाटेच्या शेवटाला एखादी स्वस्त, अनुभवानं सिद्ध झालेली गोष्ट असली आणि ती रोज करणारं माणूस तिथे असलं, तर थोडक्या पैशानं जीव वाचतो.

अमेरिकेतल्या पोलिओच्या लढाईची गोष्टही मला अशीच वाटते. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना वयाच्या 39 व्या वर्षी पोलिओनं गाठलं होतं. 1938 मध्ये त्यांनी या आजारासाठी संस्था उभी केली. रेडिओवरचे लाडके विनोदी नट एडी कॅंटर यांनी लोकांना आवाहन केलं की प्रत्येकानं फक्त एक डाइम, म्हणजे दहा सेंटचं नाणं, थेट राष्ट्राध्यक्षांच्या घरी पाठवावं. टपालाच्या गोण्यांनी व्हाइट हाउसचं कामकाज बुडून गेलं. 26 लाख 80 हजार नाणी निघाली. दहा सेंटमध्ये कुणाचा पोलिओ बरा होतो? कुणाचाच नाही. तरी त्या नाण्यांवर उभ्या राहिलेल्या संस्थेनं पुढची 17 वर्षं काम सोडलं नाही. श्वासासाठी लागणारी लोखंडी यंत्रं घेतली, मुलांच्या पायांना आधाराच्या पट्ट्या दिल्या, प्रयोगशाळांना पैसा पुरवला. पुढे आया घरोघर फिरून नाणी गोळा करत राहिल्या. 1954 मध्ये जोनास साल्क यांच्या लसीची चाचणी झाली, तीत सुमारे 18 लाख मुलं सामील होती, आणि 12 एप्रिल 1955 ला लस परिणामकारक असल्याचं जाहीर झालं. कॅंटरचं आवाहन एका मोसमापुरतं होतं. संस्थेचं काम सतरा वर्षांचं होतं, असं मला म्हणावंसं वाटतं.

अलीकडची गोष्ट म्हणजे 2014 चं बर्फाच्या पाण्याचं आव्हान. डोक्यावर बादली ओतून घ्यायची, तिघांची नावं घेऊन त्यांनाही तेच करायला सांगायचं, आणि मज्जातंतूंच्या एएलएस या असाध्य आजारासाठी पैसे द्यायचे. अनेकांना तो पोरखेळ वाटला, मलाही वाटला होता. पण अमेरिकेतल्या त्या आजाराच्या संघटनेकडे 11 कोटी 50 लाख डॉलर जमा झाले, आणि त्यांतल्या पैशांची मदत झालेल्या संशोधनातून 2016 मध्ये या आजाराशी जोडलेलं एक नवं जनुक सापडलं. तेव्हा माझं मत मी बदललं. बादलीची गोष्ट विसरली गेली, पण बादलीतून आलेले पैसे घेऊन कुणीतरी प्रयोगशाळेत बसून राहिलं होतं.

उलट बाजूही आहे आणि ती झाकून चालणार नाही. 1985 च्या 13 जुलैला लंडन आणि फिलाडेल्फियात एकाच वेळी झालेल्या संगीताच्या महाकार्यक्रमानं इथिओपियातल्या दुष्काळासाठी प्रचंड पैसा उभा केला. पण तिथलं सरकार त्याच काळात माणसांना जबरदस्तीनं एका भागातून दुसऱ्या भागात हलवत होतं आणि मदतीचा त्यासाठी वापर होत होता. 'मेदसँ सान फ्राँतिएर' या डॉक्टरांच्या संघटनेच्या फ्रेंच तुकडीनं हे उघडपणे सांगितलं, तेव्हा वर्षअखेरीस तिला देशाबाहेर काढलं गेलं. गाणी ऐकून रडलेल्या, साठवलेले पैसे दिलेल्या मुलांना यातलं काही माहीत असणं शक्य नव्हतं. त्यांच्या देण्यात खोट नव्हती. पण आपण दिलं की आपलं काम संपलं, हे मला त्यानंतर पटेनासं झालं. याच संघटनेनं 2004 च्या त्सुनामीनंतर थोड्याच दिवसांत जाहीर केलं होतं, की या संकटासाठी आमच्याकडे पुरेसे पैसे आले आहेत, आता इथे पाठवू नका, बाकीच्या कामांसाठी द्या. येणाऱ्या पैशाला 'पुरे' म्हणायला किती धैर्य लागतं हे मी त्या 43 खुर्च्यांच्या आठवड्यात शिकले. आम्हाला ते जमलं नव्हतं.

पुरे का म्हणावं लागतं, तर आपलं मन एका चेहऱ्याला उघडतं आणि संख्येला मिटतं. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना एका भुकेल्या मुलीची हकिगत सांगितली, दुसऱ्या गटाला लाखो भुकेल्यांची आकडेवारी दिली, तिसऱ्या गटाला दोन्ही. मुलीसाठी सर्वांत जास्त दिलं गेलं. तिच्या हकिगतीला आकडेवारी जोडली, तर देणं वाढण्याऐवजी घटलं. यात माणसाचा दोष काढावा असं मला वाटत नाही, आई एका मुलाला कुशीत घेते, लाखांना नाही. पण संस्था चालवणाऱ्याला यातून फार वाईट मोह होतो. सर्वांत केविलवाणा चेहरा शोधायचा आणि त्याचा फोटो छापायचा. आमच्याकडेही एकदा बैठकीत हा विषय निघाला होता. पलंगावरच्या एका आजोबांचा फोटो पत्रकावर घ्यावा असं ठरत आलं होतं. मी नको म्हणाले, आणि त्या वर्षी पत्रकातून देणग्या कमी आल्या. तरी माझं मत आजही तेच आहे.

सरकारनं करायचं काम लहान देणग्यांनी करू नये, असं म्हणणारे लोक भेटतात. त्यांचं बरोबर आहे, आणि त्यांनी ते म्हणत राहावं. दुखणं घरात असतं तोवर पलंग कुणीतरी द्यायलाच लागतो.

प्रसिद्धीचा सर्वांत चांगला उपयोग मला जिमी कार्टर यांच्याकडे दिसतो. अमेरिकेचं राष्ट्राध्यक्षपद गेल्यावर त्यांच्या केंद्रानं 1986 पासून नारू नावाच्या जंताचा पाठलाग केला. तेव्हा दर वर्षी अंदाजे 35 लाख माणसांच्या अंगातून तो बाहेर पडत असे. त्यावर लस नाही, औषध नाही. पाणी बारीक विणीच्या कापडातून गाळून प्यायचं, आणि नारू झालेल्या माणसानं तळ्यात उतरायचं नाही, एवढंच. हे गावोगाव, घरोघर, वर्षानुवर्षं सांगायचं. 2023 मध्ये जगभरात 14 रुग्ण उरले होते. पैसा मोठ्या देणगीदारांचाही होता, सगळं काम लहानांच्या बळावर झालं असं मी म्हणणार नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की ते तिथे राहिले. छायाचित्रकार निघून गेल्यावरही राहिले, मरेपर्यंत.

आता खारीकडे परत येते. सेतू बांधताना वानर डोंगर उचलून आणत होते आणि खार वाळूत लोळून अंगाला चिकटलेले कण दगडांवर झटकत होती. गोष्ट ऐकताना आपण तिच्या पाठीवर उमटलेल्या बोटांपाशी थांबतो आणि तिच्या भावनेचं कौतुक करतो. ती वाळू पडली कुठे हे मी लहानपणी कधी विचारलं नाही. दगडांवर टाकलेली वाळू दगडांवर राहत नाही. ती फटींत जाते. आमच्याकडे मोठे दगड पुष्कळ आले: खुर्च्या, पलंग, यंत्रं, नावाच्या पाट्यांसह. त्यांच्या मधल्या फटी म्हणजे चाकाचं रबर, यंत्राची जाळी, गादीची खोळ, साहित्य घरी पोचवायचं भाडं, विजेचं बिल, दुरुस्ती करणाऱ्याचे महिन्याचे पैसे. यांवर कुणाचं नाव कोरता येत नाही, म्हणून यांसाठी कुणी धनादेश लिहीत नाही. त्या भरल्या त्या काहीही अट न घालता येणाऱ्या लहान रकमांनी. एक निवृत्त शिक्षिका सहाही वर्षं दर महिन्याच्या पाच तारखेला तीच रक्कम पाठवत होत्या. चिठ्ठी नाही, फोन नाही. त्यांना मी कधी भेटले नाही. पण पाच तारीख आली की मी दुरुस्तीवाल्याला फोन करायची आणि म्हणायची, या.

मी संस्था सोडली त्याला आता काही वर्षं झाली. सोडताना त्या बाईंसारखं करायचं ठरवलं, आणि दर महिन्याला माझ्या कार्डावरून पैसे जावेत अशी बँकेला कायमची सूचना देऊन टाकली. रक्कम लहानच. मग मी ती विसरूनही गेले. मध्यंतरी एका संध्याकाळी अनोळखी क्रमांकावरून फोन आला. माझ्यानंतर हिशेब पाहू लागलेली मुलगी होती. आवाज अडखळत होता.

"ताई, एक विचारू का? आमचं काही चुकलं का?"

मला काही कळेना. तीन महिने माझे पैसे आले नव्हते. माझ्या कार्डाची मुदत संपली होती, नवं घरी येऊन पडलं होतं, आणि त्याची नोंद करायची राहून गेली होती. मी कितीदा तरी क्षमा मागितली. मग तिला म्हणाले, "पण एवढ्याशा रकमेसाठी तू मुद्दाम फोन केलास?"

"नाही हो, ती आम्ही दुरुस्तीत धरलेली असते ना," ती म्हणाली. "ती नाही आली की त्यांना बोलावता येत नाही."

"मागच्या खोलीत किती आहेत सध्या?"

ती उठून बघायला गेली असावी, कारण दार उघडल्याचा आवाज आला.

"सात."

मी फोन तसाच कानाला धरून नवं कार्ड शोधायला उठले.